संस्थेचा नकाशा-डेटा ओपनस्ट्रीटमॅपवरून पुन्हा पुन्हा उडतोय? आधी उगमाचा रकाना तपासा

तक्रार साधारण अशी असते. एखाद्या संस्थेने तालुक्यातले पाणवठे, अंगणवाड्या, पाड्यांची नावं, कच्चे रस्ते असं सगळं फिरून गोळा केलं. अहवाल फंडरकडे गेला. मग ‘एवढं केलंच आहे तर सगळ्यांच्या उपयोगी पडू दे’ म्हणून तोच डेटा ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणालाही भर घालता येणाऱ्या जगाच्या खुल्या नकाशावर, चढवला. काही दिवसांत चेंजसेटखाली (एका वेळी चढवलेल्या बदलांच्या नोंदीखाली) कुणीतरी विचारलं, याचा स्रोत काय? उत्तर गेलंच नाही, किंवा ‘फील्ड सर्व्हे’ एवढे दोन शब्द गेले. एक दिवस नकाशा उघडला तर सगळे बिंदू गायब. पुढच्या वर्षी नवा इंटर्न येतो, नवं अकाउंट उघडतो, जुनीच एक्सेल चढवतो, आणि या वेळी अकाउंटच ब्लॉक होतं.

दुसरा प्रकार जरा शांत. डेटा उडत नाही, अडकतो. एखादं कॉलेज किंवा शेजारची संस्था डेटा मागते आणि साधा प्रश्न विचारते की परवाना कोणता. ऑफिसात तिघांची तीन उत्तरं असतात. एक म्हणतो ओपन आहे, दुसरा म्हणतो क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी नावाने ओळखले जाणारे तयार परवाने) असेल, संचालक म्हणतात थांबा, आधी फंडरला विचारू. विचारणं राहून जातं.

दोन्हींच्या मुळाशी एकच सवय आहे. परवाना ही अपलोडच्या दिवशी यादीतून निवडायची गोष्ट समजली जाते. तोवर त्या फाइलीत फोनच्या जीपीएसचे बिंदू, कुठल्यातरी नकाशावर बोट ठेवून घेतलेले बिंदू, सरकारी पीडीएफमधली नावं आणि एजन्सीने दिलेली शेपफाइल (नकाशा-डेटाची फाइल) असं सगळं एकत्र झालेलं असतं. परवाना आपण फाइलीला लावतो, पण मालकी ओळीओळीला वेगळी असते. जी ओळ तुमची नाही तिच्यावर तुम्ही लावलेल्या परवान्याला काही अर्थ नसतो, मग तो कितीही उदार असो.

म्हणून दुरुस्ती परवान्यापासून नाही, उगमापासून सुरू करायची.

सगळ्यात आधी: परत अपलोड करू नका

डेटा उडाल्यावर पहिली इच्छा होते ती पुन्हा चढवायची. तेवढं टाळा. ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशनचा डेटा वर्किंग ग्रुप नावाचा स्वयंसेवकांचा गट असे वाद हाताळतो. त्यांच्या दृष्टीने एकदा काढलेला डेटा उत्तर न देता परत टाकणं हे पहिल्या चुकीपेक्षा वाईट. ब्लॉक आला असेल तर तो बहुधा निरोप वाचायला लावण्यापुरता असतो. लॉग-इन करून वाचायचा आणि उत्तर द्यायचं. अडचण अशी की निरोप जातो तो गेल्या वर्षीच्या इंटर्नच्या जीमेलवर, आणि ते पोर आता दुसऱ्या नोकरीत असतं. संस्थेच्या कामासाठी उघडलेल्या अकाउंटांना संस्थेचा ईमेल लावा, हा उपाय फुकट आहे.

उत्तरात वकिली करायची गरज नाही. ‘आम्ही अमुक संस्था, डेटा तपासतो आहोत, तपासून होईपर्यंत नवीन काही टाकणार नाही’ एवढं लिहिलं की समोरचा माणूस बहुतेक वेळा मदतीलाच येतो.

हा गट एवढा काटेकोर का, तेही समजून घ्या. परवान्याला बाधा आणणारा डेटा सापडला तर तो नुसता पुसत नाहीत, इतिहासातल्या जुन्या आवृत्त्याही झाकाव्या लागतात. त्याच बिंदूवर नंतर दुसऱ्या कुणी प्रामाणिकपणे केलेलं कामही त्यात जाऊ शकतं. १२ सप्टेंबर २०१२ रोजी ओपनस्ट्रीटमॅप क्रिएटिव्ह कॉमन्सचा सीसी बाय-एसए परवाना सोडून ओपन डेटाबेस लायसन्सवर, म्हणजे ओडीबीएलवर गेला. तेव्हा ज्यांची संमती मिळाली नाही त्यांचा डेटा असाच काढावा लागला होता. तो त्रास जुन्या मंडळींच्या चांगलाच लक्षात आहे.

एक्सेल उघडा आणि शून्यं शोधा

उदाहरण म्हणून जव्हार-मोखाड्याकडे पाण्यावर काम करणारी संस्था धरू. विहिरी, हातपंप, झरे यांची नोंद कोबो किंवा ओडीके या फोनवरच्या सर्व्हे-ॲपच्या फॉर्मवर झाली आहे. या फॉर्ममध्ये जागेच्या प्रश्नाचं उत्तर चार आकड्यांत साठवलं जातं: अक्षांश, रेखांश, उंची आणि अचूकता. आता या दोन ओळी बघा.

१९.९१२४ ७३.२३०५ ४४२.३ ४.८

१९.९१५० ७३.२२८१ ० ०

पहिली ओळ फोनच्या जीपीएसची आहे. उंची मिळाली आहे, आणि फोन स्वतःच सांगतोय की चूक साधारण पाच मीटरची असू शकते. दुसऱ्या ओळीत उंचीही शून्य आणि अचूकताही शून्य. जव्हार डोंगरावर आहे, समुद्रसपाटीवरचं जव्हार अजून कुणी पाहिलेलं नाही. असा बिंदू म्हणजे कुणीतरी फॉर्ममधला नकाशा उघडून बोट दाबून ठेवलं आणि पिन रोवली. फॉर्म बनवणाऱ्याने जागेच्या प्रश्नाला हाताने पिन ठेवायची सोय दिलेली असते, त्यातून हे होतं.

यात कार्यकर्त्याने कामचुकारपणा केला असं लगेच समजू नका. ओढ्याला पाणी असतं, विहीर पलीकडच्या काठावर दिसत असते, तो इथूनच पिन ठेवतो. शहाणपणाचंच आहे ते. विचारायचा प्रश्न वेगळा: बोटाखाली नकाशा कोणता होता? या ॲपच्या सेटिंगमध्ये पार्श्वभूमीचा नकाशा बदलता येतो, आणि अनेक फोनवर तो गूगलचा असतो. पार्श्वभूमी ओपनस्ट्रीटमॅपची असेल तर चिंता नाही. गूगलच्या उपग्रहचित्रावर विहिरीचं वर्तुळ बघून पिन ठेवली असेल, तर तो बिंदू गूगलच्या चित्रावरून उतरवलेला आहे, आणि दुसरा नकाशा-डेटा तयार करायला किंवा भरायला आपली सामग्री वापरू नका, असं गूगलच्या अटी स्पष्ट सांगतात.

शून्यांची ओळ सापडली की सरसकट फेकू नका, वेगळ्या रंगात ठेवा. कार्यकर्त्याला फोन करून विचारलं की बऱ्याचदा आठवतं.

एकाच जागेवर साचलेले बिंदू

क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली आणि वीस-पंचवीस अंगणवाड्या गावाच्या मधोमध एकाच टिंबावर एकावर एक बसलेल्या दिसल्या, तर ते पत्त्यांवरून अक्षांश-रेखांश काढण्याचं काम आहे. ऑफिसात कुणीतरी एक्सेलचं ॲड-ऑन लावून गावांच्या नावांची यादी जिओकोडरला (पत्त्यावरून अक्षांश-रेखांश देणाऱ्या सेवेला) दिली, आणि ज्या पत्त्याचा ठाव लागला नाही त्याला जिओकोडरने गावाचा मध्य देऊन टाकला. हे बिंदू दोन्ही अंगांनी निकामी. जागा चुकीची, वर परवाना परका. गूगलच्या जिओकोडिंग सेवेतून मिळालेले अक्षांश-रेखांश जास्तीत जास्त ३० दिवस साठवायची मुभा असते, खुल्या डेटात कायमचे घालायची नाही.

व्हॉट्सॲपवर आलेली लोकेशन्स हा असाच गोंधळ. त्या जागी उभं राहून ‘सध्याचं ठिकाण’ पाठवलं असेल तर तो फोनचा जीपीएस, चालेल. यादीत शोधून ‘प्राथमिक आरोग्य केंद्र’ निवडून पाठवलं असेल तर ती कुणाच्या तरी व्यावसायिक यादीतली नोंद आहे. प्लस कोडचं, म्हणजे जागेला पत्त्यासारखा वापरायच्या छोट्या कोडचंही तेच. ती पद्धत स्वतः खुली आहे, कुणीही वापरावी. पण गूगल मॅपवर बोट दाबून कोड काढला असेल तर त्यामागची जागा गूगलच्या नकाशावरूनच आली. विकिपीडियावरच्या अक्षांश-रेखांशांनाही हात लावू नका. त्यातले कित्येक मुळात कुठून आले ते कळत नाही.

इथे हमखास एक वाद निघतो. ‘विहीर जिथे आहे तिथे आहे, ते तथ्य आहे, तथ्यावर कुणाचा कॉपीराइट?’ प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नुसत्या मेहनतीवर कॉपीराइट मिळत नाही, थोडी तरी सर्जकता लागते असं म्हटलं. अमेरिकेत १९९१ पासून साधारण तीच भूमिका आहे. पण युरोपात १९९६ च्या निर्देशाने डेटाबेस जमवण्यातल्या गुंतवणुकीलाच १५ वर्षांचं स्वतंत्र संरक्षण दिलं आहे, फाउंडेशनची नोंदणी ब्रिटनमधली आहे, आणि हा नकाशा सगळ्या जगात वापरला जातो. शिवाय वापराच्या अटी हा करार आहे, तो कॉपीराइटच्या बाहेरही लागतो. त्यामुळे ओपनस्ट्रीटमॅपची भूमिका अशी की शंका असेल तिथे घ्यायचं नाही. कॉपी केलेला नकाशा ओळखू येत नाही असंही नाही. ब्रिटनच्या ऑटोमोबाइल असोसिएशनने ऑर्डनन्स सर्व्हेचे नकाशे उचलले होते. ते रस्त्यांची रुंदी दाखवण्याच्या लकबीसारख्या खुणांवरून उघडकीला आलं, आणि २००१ मध्ये २ कोटी पौंडांना तडजोड झाली.

एजन्सीने दिलेला डेटा तुमचा आहे का?

माझ्या मते संस्थांचं सगळ्यात मोठं दुर्लक्ष इथे होतं. सर्व्हेचं काम बाहेरच्या एजन्सीला दिलं, बिल चुकतं केलं, शेपफाइल ताब्यात आली. म्हणजे डेटा आपला. नाही, आपोआप नाही.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नकाशा ही कलाकृती धरली आहे आणि संगणकीय डेटाबेस हा साहित्यकृतीत मोडतो. कलम १७ नुसार पगारी कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा मालक नोकरी देणारा. पण कंत्राटावर करून घेतलेल्या कामाचं तसं नाही. पैसे देणाऱ्याकडे मालकी आपोआप जाते ती फोटो, चित्र, चित्रपट अशा मोजक्या प्रकारांत. नकाशा-सर्व्हे त्या यादीत नाही. मालकी हवी तर कलम १९ प्रमाणे लेखी हस्तांतरण लागतं, एजन्सीच्या सहीचं. आणि त्यातही एक मेख आहे. हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.

याउलट ओपनस्ट्रीटमॅपवर अपलोड करताना तुम्ही जगभरासाठी, मागे न घेता येणारी परवानगी देत असता. पाच वर्षांपुरतं आणि भारतापुरतं हातात असलेलं तुम्ही जगाला कायमचं देऊन टाकलं, असा तो प्रकार होतो. म्हणून वर्क ऑर्डरमध्येच एक परिच्छेद घालून घ्या: या कामात तयार झालेल्या सर्व डेटाचे हक्क कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी व जगभरासाठी संस्थेकडे हस्तांतरित होतील, आणि एजन्सीने कोणत्याही तिसऱ्या पक्षाच्या नकाशावरून काही उतरवलेलं नाही. दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं. ‘घरांचे आकार आम्ही उपग्रहचित्रावरून काढले’ असं एजन्सी सहज सांगते, चित्र कोणाचं ते मात्र विचारल्याशिवाय सांगत नाही.

काम जुनं असेल तर आता पत्र पाठवून हस्तांतरण मागा. बिल देऊन झाल्यावर एजन्सीचा उत्साह कमी असतो, पण पुढच्या कामाची आशा असली तर सही मिळते. स्वयंसेवकांचंही पाहा. ते तुमचे कर्मचारी नाहीत, तेव्हा फॉर्मच्या सुरुवातीलाच संमतीची एक ओळ आणि एक टिक पुरेशी आहे.

सरकारी आहे म्हणजे खुलं आहे?

वेबसाइटवर दिसणं, डाउनलोड होणं आणि पुन्हा वापरायची परवानगी असणं या तीन वेगळ्या गोष्टी. महाभूनकाशावरचे गटांचे आकार, इस्रोच्या भुवन पोर्टलवरचे थर, महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राचे नकाशे, सर्व्हे ऑफ इंडियाच्या शीट, प्रत्येकाच्या अटी वेगळ्या, त्या त्या ठिकाणी जाऊन वाचाव्या लागतात. अटी लिहिलेल्याच नसतील तर परवानगी आहे असं नाही, नाही असंच धरायचं.

केंद्र सरकारने २०१२ मध्ये डेटा खुला करण्याचं धोरण आणलं आणि २०१७ मध्ये गव्हर्नमेंट ओपन डेटा लायसन्स अधिसूचित केलं. त्याखाली दिलेला डेटा श्रेय देऊन व्यावसायिक कामालाही वापरता येतो. मात्र वैयक्तिक माहिती, बोधचिन्हं, आणि माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ नुसार उघड करायला नको होता असा डेटा त्यातून वगळला आहे. आणि हा परवाना त्याखाली प्रसिद्ध केलेल्या डेटालाच लागतो, तालुक्याच्या ऑफिसातल्या प्रत्येक पीडीएफला नाही. माहिती अधिकारात मिळालेल्या कागदाबद्दल हाच गैरसमज असतो. आरटीआयने तुम्हाला प्रत मिळते, ती खुल्या परवान्याखाली पुन्हा वाटायचा हक्क नाही.

१५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांचा हवाला देऊन ‘आता सगळं मोकळं झालं’ असं सांगणारे भेटतात. मोकळं झालं ते नकाशा-डेटा गोळा करणं आणि तयार करणं, आधीच्या परवानग्यांची भानगड गेली. दुसऱ्याच्या डेटाचा परवाना त्यातून मिळत नाही. उलट एक मर्यादा लक्षात ठेवण्यासारखी आहे: आडव्या दिशेत १ मीटर आणि उभ्या दिशेत ३ मीटरपेक्षा बारीक अचूकतेचा डेटा भारतीय संस्था-कंपन्यांनीच तयार करावा, त्यांच्याच मालकीचा असावा आणि तो भारतातच साठवावा. फोनचा जीपीएस या मर्यादेच्या जवळपासही जात नाही. पण ड्रोन किंवा डीजीपीएस (जास्त अचूक जीपीएस) वापरला असेल, फंडर परदेशी असेल आणि फाइल त्यांच्या क्लाउडवर जाणार असेल, तर आधी जाणकाराकडून तपासून घ्या.

‘पण हा तर क्रिएटिव्ह कॉमन्स आहे’

सीसी झिरो, म्हणजे सगळे हक्क सोडून दिलेला डेटा, चालतो. सीसी बाय-एनसी, म्हणजे धंद्याला मनाई असलेला, चालत नाही, कारण ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा धंद्यालाही वापरता येतो. सीसी बाय-एसएची ‘आमच्याच परवान्याखाली वाटा’ ही अट ओडीबीएलशी जुळत नाही, तोही नाही. लोक अडखळतात ते साध्या सीसी बायवर. नुसतं श्रेय द्यायचं तर अडचण काय? अडचण दोन ठिकाणी आहे. नकाशा वापरणारा प्रत्येक ॲप तुमच्या संस्थेचं नाव दाखवू शकत नाही, श्रेय एका सामायिक पानावर जातं. आणि ४.० आवृत्तीत तांत्रिक कुलपं (डेटा कॉपी करू न देणारे अडसर) लावण्यावर जी बंदी आहे (कलम २(ए)(५)(बी)) ती ओडीबीएलमध्ये तितकी कडक नाही. म्हणून फाउंडेशन डेटाच्या मालकाकडून वेगळी लेखी संमती मागतं. मालक तुम्हीच असाल तर एक पत्र, विषय संपला. पत्राचा मजकूर असा चालेल:

‘आमच्या संस्थेने तयार केलेली ______ ही माहिती ओपनस्ट्रीटमॅपच्या डेटाबेसमध्ये समाविष्ट करण्यास, आणि ती ओपन डेटाबेस लायसन्स १.० किंवा ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशन पुढे स्वीकारेल अशा अन्य मुक्त व खुल्या परवान्याखाली, व्यावसायिक वापरासह जगभर वितरित करण्यास आमची संमती आहे. ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदानकर्त्यांच्या पानावर दिलेले श्रेय आम्ही पुरेसे मानतो. क्रिएटिव्ह कॉमन्स बाय ४.० परवान्यातील कलम २(ए)(५)(बी) ची अट या वापरापुरती आम्ही लागू करणार नाही. या माहितीत तिसऱ्या पक्षाच्या नकाशावरून किंवा चित्रावरून घेतलेला कोणताही भाग नाही.’

लेटरहेडवर, तारीख आणि अधिकृत व्यक्तीच्या सहीसह. जोडीला इंग्रजी प्रत ठेवा, कारण वाचणारे जगभरातले असतात. ग्रामपंचायतीचा डेटा असेल तर हेच पत्र ग्रामपंचायतीकडून, जावक क्रमांक घालून घ्या. सरपंचांचा तोंडी होकार ओपनस्ट्रीटमॅपच्या विकीवर (माहितीच्या पानांवर) चिकटवता येत नाही.

उलटी अडचण: ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा आपल्या डेटात मिसळला

फंडरचा करार म्हणतो डेटा सीसी बायखाली द्या, आणि तुमच्या फाइलीत रस्ते ओपनस्ट्रीटमॅपचे. आता काय?

तुमचे हातपंप तुम्ही स्वतंत्रपणे मोजले आणि नकाशात ते ओपनस्ट्रीटमॅपच्या रस्त्यांवर नुसते ठेवले, तर हातपंपांचा थर तुमचाच राहतो, हवा तो परवाना द्या. पण आधी ओपनस्ट्रीटमॅपवरचे हातपंप उतरवले, त्यातले डुप्लिकेट काढले, राहिलेल्या जागा आपल्या सर्व्हेने भरल्या आणि एक यादी केली, तर ती यादी ओपनस्ट्रीटमॅपपासून बनलेला डेटाबेस झाली. ती लोकांसमोर आणली की ओडीबीएलखालीच द्यावी लागते. ऑफिसात अंतर्गत वापरायला मात्र काही आडकाठी नाही. छापलेला नकाशा किंवा ग्रामपंचायतीबाहेरचा फ्लेक्स हे चित्र आहे. त्याला ओडीबीएल लावायची गरज नाही, कोपऱ्यात ‘© ओपनस्ट्रीटमॅप योगदानकर्ते’ वाचता येईल एवढ्या अक्षरांत हवं. फ्लेक्सवाला ते हमखास कापतो, प्रूफ बघताना तेवढं बघा.

यावरचा उपाय कायद्यापेक्षा फोल्डरचा आहे. मूळ सर्व्हेची फाइल वेगळी ठेवा, तिला हात लावू नका. ओपनस्ट्रीटमॅपवर डेटा दिल्याने तुमचा स्वतःचा हक्क जात नाही, तीच मूळ फाइल तुम्ही दुसरीकडे दुसऱ्या परवान्याखाली देऊ शकता. पण ओपनस्ट्रीटमॅपवरून परत उतरवलेल्या फाइलीत इतरांच्या दुरुस्त्याही येतात, ती ओडीबीएलचीच. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल नवीन’ अशा नावांमध्ये हा फरक हरवतो.

साफसफाई आणि पुन्हा सुरुवात

प्रत्येक ओळीला ‘उगम’ नावाचा रकाना जोडा आणि त्यात मोजकेच शब्द येऊ द्या: फोन जीपीएस, बिंग चित्र (मायक्रोसॉफ्टचं उपग्रहचित्र), एजन्सी, सरकारी यादी, माहीत नाही. ‘माहीत नाही’ हा पर्याय ठेवाच, नाहीतर लोक अंदाजाने ‘फोन जीपीएस’ भरतात. पुढच्या सर्व्हेपासून हा रकाना फॉर्ममध्येच घाला, आणि हाताने पिन ठेवायची सोय गरज नसेल तर बंद करा.

परक्या उगमाच्या ओळीत सहसा फक्त जागा बाद होते. हातपंप चालू आहे की बंद, पाड्याचं नाव काय, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरतं, हे तुमच्या कार्यकर्त्याने लोकांना विचारून लिहिलेलं असतं, ते ठेवा. विहिरीची किंवा घरांची जागा बिंगच्या चित्रावर दिसत असेल तर ओपनस्ट्रीटमॅपच्या एडिटरमध्ये ती पुन्हा ठेवता येते, मायक्रोसॉफ्टने त्यासाठी २०१० पासून परवानगी दिलेली आहे. चित्र काही मीटर सरकलेलं असू शकतं, म्हणून जवळच्या दोन-चार जीपीएस बिंदूंशी ताडून बघा. हातपंप मात्र वरून दिसत नाही. त्याच्यासाठी परत जावं लागतं, आणि त्या फेरीत एव्हरी डोअर किंवा व्हेस्पुचीसारखं ॲप वापरलं तर मधली एक्सेलच टळते.

पाड्यांची नावं लोकांच्या तोंडून घेतलेली असतील तर मराठी नाव ‘नेम:एमआर’ (name:mr) या टॅगमध्ये जरूर भरा. बाकी एक सक्त मनाई: ‘अमक्याच्या घराजवळचा पंप’ असं वर्णन, लाभार्थ्याचं नाव किंवा मोबाइल नंबर खुल्या फाइलीत जाता कामा नये. तो रकाना आधीच वेगळा काढून ठेवा.

संस्था म्हणून काम करत असाल तर २०१८ मध्ये आलेली संघटित संपादनाची मार्गदर्शक तत्त्वं तुम्हाला लागू आहेत. विकीवर एक पान करायचं: संस्था कोण, काय आणि कुठे टाकणार, हॅशटॅग कोणता, कोणकोणती अकाउंटं, संपर्क कुठे. हे सुरू करण्याच्या किमान दोन आठवडे आधी. प्रत्येकाचं अकाउंट वेगळं, सगळ्यांनी मिळून एकच वापरायचं नाही. तयार फाइल एकदम चढवणार असाल तर ती आयात ठरते. तिची चर्चा आधी, आणि तिच्यासाठी स्वतंत्र अकाउंट. संमतीचं पत्र त्याच पानावर जोडायचं.

आणि पहिल्या दिवशी सगळा तालुका चढवू नका. एका ग्रामपंचायतीचे पाणवठे टाका, चेंजसेटच्या स्रोतात ‘फोन जीपीएस, अमुक महिना, संस्थेचा सर्व्हे’ असं लिहा, जुन्या उडालेल्या चेंजसेटखाली या नव्या पानाचा दुवा द्या आणि आठवडाभर प्रश्न येतात का ते बघा. आले तर उत्तरं देऊन मग पुढची ग्रामपंचायत घ्या.